फॉलोअर दारात

सकाळपासून प्रतिक्षाच्या रीलखाली एकच प्रश्न येत होता : ताई, पैसे का निघत नाहीत? पैसे गुंतवायच्या ज्या ॲपची ती उन्हाळाभर जाहिरात करत होती, त्या ॲपचा माणूस आता फोन उचलत नव्हता. शेअर बाजार सोपा करून सांगणारी वालचंदनगरची मुलगी म्हणून तिचं नाव झालं होतं. कॉलनीतलं तिचं घर कुणीही दाखवलं असतं.

"प्रतिक्षा, तुझ्याकडं माणसं आलीत गं," आईनं हाक मारली.

मागच्या दारानं निघून जावं असं प्रतिक्षाला वाटलं, पण आईनं त्यांना आत बसवलंही होतं.

लोणी भापकरचे बिरूआबा आणि त्यांची बायको सारजा. भांडायला नव्हते आले. सारजाबाईंनी पिशवीतून तुपाची बरणी काढून पुढं ठेवली.

"पोरानं तुमचं व्हिडिओ दावलं," आबा म्हणाले. "निम्मी मेंढरं इकून पैसं टाकलं. फोनात रोज वाढत्यात बगा! आता गुडघं साथ देत न्हाईत, म्हनून राहिलेली बी काल इकली. ह्ये पैसं तुमच्याच हातानं टाका, ताई."

त्यांच्या फोनवर हिरवे आकडे चमकत होते. सर्व्हर बंद आहे, उद्या या, एवढं म्हटलं तरी आजचा दिवस निभावला असता. ते शब्द अगदी ओठांवर आले होते.

"आबा, टाकू नका," ती म्हणाली. "आधीचे निघतात का बघू."

तिनं बटण दाबलं. चक्र फिरत राहिलं. पुन्हा दाबलं, तेच. आबा फोनकडं नाही, तिच्या तोंडाकडं बघत होते.

"निगंनात व्हय?"

"कुणाचेच निघत नाहीयेत."

"पर तुमी तर म्हनला व्हता, तुमचं सोताचं पैसं हायत त्यात."

"नव्हते. तसं बोलायचे मला पैसे मिळायचे."

आबा ताडकन उठले. आता हात उगारतात, असं वाटून ती भिंतीला चिकटली. आबा नुसतेच उभे राहिले. सारजाबाई पैशांचं फडकं पोटाशी बांधत होत्या.

"आमी तुजं काय वाकडं केलं व्हतं गं, लेकी?" त्या म्हणाल्या.

आई दारात होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "चप्पल घाल," एवढंच ती म्हणाली.

चौघंही पोलीस ठाण्यात गेली. तक्रार लिहून घेणाऱ्या हवालदारानं प्रतिक्षाचंही नाव लिहिलं.

"मला अटक होईल का?" तिनं विचारलं.

"बघू," तो मान वर न करता म्हणाला.

घरी येताच तिनं खरं सांगणारा व्हिडिओ टाकला. त्याखाली आलेल्या शिव्या वाचायची तिची हिंमत झाली नाही.

निम्म्या मेंढरांचे पैसे अजून परत आलेले नाहीत. चौकशीला बोलावलं की प्रतिक्षा जाते. ती ठाण्याच्या पायऱ्या चढते तेव्हा आई तिचा दंड धरून ठेवते.