अकरावं डोकं

दातांच्या लॅबमध्ये तिला सगळे दातवाली म्हणत आणि तिला त्याचं काही वाटत नसे. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा ती लोकांच्या कवळ्या करायची. मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवायचा, वरचा खालच्याशी जुळतो का बघायचा, घासायचा, चकाकी आणायची. घरी आली की मागच्या खोलीत मातीची डोकी. ते पोटापाण्याचं आणि ही कला, अशी तिने स्वतःपुरती सरळ वाटणी करून टाकली होती. वाटण्या इतक्या सरळ कुठे होतात म्हणा.

दहा डोकी झाली तेव्हा कलादालनाच्या बाई बघायला आल्या. चहाचा कप हातात घेऊन त्या प्रत्येक डोक्यापुढे थांबल्या. चहा गार झाला तरी थांबल्याच.

"एकाचंही तोंड उघडं नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "हे मौन फार मोठं आहे हो. प्रदर्शनाला नावच तसं देऊ. आणखी एक डोकं करा, शेवटचं. आणि या मौनाविषयी अर्धं पान लिहून द्या."

ती नुसती मान हलवत राहिली. पंधरा वर्षं जिची वाट पाहिली ती गोष्ट आपल्या पायांनी दारात आल्यावर कोण मान हलवणार नाही? पण बाई गेल्या आणि डोक्याला भुंगा लागला. तोंडं मिटलेली होती, कारण दिवसभर दात करून आल्यावर घरी पुन्हा दात करायचा तिला कंटाळा यायचा. एवढंच. की एवढंच नव्हतं? बाई शिकलेल्या, त्यांना काहीतरी दिसलं असेलच. तिने कागदावर 'मौन' असं लिहिलं, खाली रेघ मारली, आणि पुढे तीन दिवस कागद तसाच पडून राहिला.

"बाबा, तोंडं कंटाळ्यामुळे बंद ठेवली असं सांगितलं, तर लोक हसतील का हो?"

"हसतील त्यांचे दात दिसतील," वडील म्हणाले. "त्यातले निम्मे तूच केलेले असतील."

आणि स्वतःच हसत सुटले. त्यांचे तर सगळेच तिने केलेले. स्वतःचे दात गेल्यावर हा माणूस दोन वर्षं तोंडावर हात धरून हसायचा. मग तिने कवळी केली, पांढरीशुभ्र, एका ओळीत. बाबांनी आरशात पाहिलं आणि म्हणाले, "छान आहे. कोणाची आहे?" तेव्हा तिने जुना फोटो हुडकला आणि दुसरी कवळी केली. पुढचा एक दात शेजारच्यावर चढलेला, पूर्वी होता अगदी तसा. त्या दिवशी हात खाली आला तो आलाच.

अकरावं डोकं तिने बाबांचं केलं, हसतानाचं. चढलेला दात आधी बसवला आणि बाकीचा चेहरा त्याच्याभोवती गोळा झाला. चार संध्याकाळी पुरल्या. इतकं चांगलं आपल्या हातून आजवर झालं नाही, असं तिला वाटलं. पण मग हे लॅबचं काम की घरचं? तेही कळेना.

बाईंनी येऊन ते सगळ्या बाजूंनी पाहिलं.

"चांगलं आहे, पण दात जरा दवाखान्यातले वाटतात. दहाजण मौनात आणि हे एकटे हसतायत, कसं दिसेल? माती ओली आहे तोवर तोंड मिटून टाका. शुक्रवारपर्यंत. नाहीतर मला ही तारीख दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल."

आपलेच दात, आपलेच ओठ. तक्रार करायची कुणाकडे? गुरुवारी लॅबमधून आल्यावर तिने डोक्यावरचं ओलं फडकं काढलं. दात उपटायला हात धजेना. मग तिने ओठांवर मातीची पट्टी ठेवली आणि अंगठ्याने दाबत या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत नेली. पाच मिनिटांचं काम. लगेच बसून अर्धं पानही भरलं. त्यातलं काही खोटं होतं असं तिला छातीठोकपणे सांगता आलं नसतं. खरं होतं असंही नाही.

प्रदर्शनात गर्दी झाली ती अकराव्यापुढेच. "हे सगळ्यांत गप्प आहे," कुणीतरी म्हणालं. बाईंनी तिचा हात दाबला. तिला आनंद झाला, अगदी मनापासून झाला, आणि त्या आनंदाचीच तिला लाज वाटली.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. स्वतःच्या डोक्यापुढे जाऊन उभे राहिले.

"मीच ना हा?"

"हो, बाबा."

"तू करत होतीस तेव्हा हसत होतो."

तिची नजर त्या मिटलेल्या ओठांवर गेली.

"दात काढून टाकलेस?"

"नाही, बाबा. आत आहेत. तसेच्या तसे."

"मग झालं तर," बाबा म्हणाले आणि हसले. हसताना त्यांनी तोंडावर हात धरला होता.