भाड्यात न येणारी खोली

आमच्या गावात उन्हाळा आला की माणसं वर जातात. म्हणजे जिन्याने. शाळा सुटल्या की खालचं घर पाहुण्यांना भाड्याने द्यायचं आणि आपण बाडबिस्तरा उचलून गच्चीवरच्या खोलीत मुक्काम हलवायचा, ही मर्सा झीतूनची रीत. सीमेपलीकडच्या अल्जीरियाहून मोटारी भरभरून येतात, राजधानीतून येतात, आणि आमच्याच पलंगांवर लोळून, आमच्याच चौकात मासे तळून उन्हाळा काढतात. ऑक्टोबरात शेवटची मोटार गेली की आम्ही खाली उतरतो, भिंतींना चुना लावतो, आणि मग कुठे घर आमचं होतं.

माझी उम्मी, मन्नूबिया, नवी नवरी होती तेव्हापासून हा जिना चढते-उतरते आहे. आता तिचे गुडघे कुरकुरतात. उन्हाळ्यात एकदा वर गेली की भाजीसाठीसुद्धा खाली येत नाही, दोरीला टोपली बांधून सोडते. हिवाळ्यात खाली येते त्या पहिल्या दिवशी मात्र ती कुठलंच काम करत नाही. नुसती या खोलीतून त्या खोलीत हिंडते, मधेच एखाद्या भिंतीला हात लावते.

आणि मी, तिची मुलगी फौझिया, नगरपालिकेत बसून गावाला बाराही महिने पाहुणे कसे येतील याची योजना लिहीत होते.

योजना काही वाईट नव्हती, आजही मी तसंच म्हणेन. ऑगस्टमध्ये आमच्याकडे इतकी गर्दी होते की नळ कोरडे पडतात आणि गटाराचं पाणी पोहणाऱ्यांच्या पायाशी येतं. जानेवारीत त्याच किनाऱ्यावर कुत्रंही फिरकत नाही. हॉटेलांना टाळं, वाढपी घरी बसलेले, तरुण पोरं पळतात दुसऱ्या शहरात. तीच माणसं वर्षभरात जरा पांगून आली तर समुद्राचा जीवही वाचेल आणि आमचाही. इतका साधा विचार होता. अडचण एवढीच की राजधानीहून आलेले सल्लागार, सी अनीस (सी म्हणजे आमच्याकडचं श्रीयुत), यांनी त्याला घरं जोडली.

सी अनीस हा छान इस्त्री केलेला माणूस. त्याचं म्हणणं असं, की मोठी हॉटेलं हिवाळ्यात चालवणं कुणालाच परवडत नाही, पण घरं तर तयारच आहेत. घरमालकांनी खालचा मजला वर्षभरासाठी योजनेत द्यावा, नगरपालिका पाहुणे मिळवून देईल. जानेवारीच्या सभेआधी दहाबारा घरांच्या सह्या हव्यात, आणि पहिली सही अर्थातच माझ्या घरची. योजना लिहिणारीचंच घर त्यात नसेल तर बाकीचे कशाला येतील, असं नगराध्यक्षही म्हणाले. मला ते पटलं. मी संमतीचा कागद घेऊन घरी आले.

उम्मीने तो शेगडीच्या उजेडात पूर्ण वाचला आणि एकच विचारलं.

"मग मी खाली कधी यायचं?"

मी म्हटलं, वरच्या खोलीत हीटर बसवू, जिन्याला कठडा करू, येणाऱ्या भाड्यात सगळं होईल. ती "बरं" म्हणाली आणि कागद कुसकुसचा रवा चाळायच्या चाळणीखाली ठेवून दिला. त्यानंतर सहीचा विषय काढला की तिला ताबडतोब काहीतरी काम आठवायचं. मिरच्या उन्हात घालायच्या राहिल्यात, मावशीला फोन करायचाय. मला राग यायचा. त्यातला किती तिच्यावर होता आणि किती स्वतःवर, हे मी तेव्हा तपासून पाहिलं नाही.

दुसरीकडे सी अनीस माझं डोकं खात होता. हिवाळ्यात माणूस इथे नेमका कशासाठी येईल, हे योजनेत लिहायला हवं. मी लिहिलं, ऑक्टोपसची मासेमारी. लिहिलं, ताजं ऑलिव्ह तेल, वादळी समुद्राचं दर्शन. लिहिताना मलाच हसू येत होतं, कारण वादळी समुद्राचं दर्शन घ्यायला आपणहून आलेला एकही माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. खरं सांगायचं तर मला उत्तर ठाऊकच नव्हतं, आणि ते कुणाला तरी विचारावं असं वाटायला लागलं होतं. पण विचारणार कुणाला? हिवाळी पाहुणा नावाचा प्राणी आमच्याकडे सापडतच नाही.

डिसेंबरात एक सापडला. गाडीतळासमोरच्या कॉफीवाल्या मुंजीचा फोन आला.

"फौझिया, तुझा पर्यटक आलाय. लवकर ये, पळून जायच्या आत."

मी छत्री घेऊन धावले. मुंजीच्या दुकानात माझ्याच वयाची एक बाई ओला कोट काढून बसली होती. सोबत एकच पिशवी. ती लल्ला मन्नूबियांचं, म्हणजे मन्नूबियाबाईंचं, घर विचारत होती. अल्जीरियातल्या सूक अह्रासची, औषधांच्या दुकानात काम करते, नाव वर्दा. नाव ऐकलं आणि मी तिला ओळखलं. लाल पोहण्याचा पोशाख घालणारी मुलगी! लहानपणी दर उन्हाळ्यात तिचं कुटुंब आमच्या घरात उतरायचं आणि ती माझ्या पलंगावर झोपायची. मी गच्चीच्या कडेला पालथी पडून वरून चौकात बघत असायचे. माझ्या पलंगावर झोपते म्हणून मला ती मुळीच आवडायची नाही, आणि ती काय खाते, काय बोलते, कुणाशी भांडते, हे बघितल्याशिवाय मला राहवायचंही नाही. आमचं एकमेकींशी कधी बोलणं झालं नव्हतं. पाहुण्यांच्या पायात घोटाळू नको, अशी मला सक्त ताकीद होती.

उम्मीने दार उघडलं, तिच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "सी अम्मारची मुलगी. आत ये, पावसात काय उभी राहतेस." मग तिला वरची खोली दिली. मी कुजबुजले की पाहुणी आहे, खाली ठेवू. उम्मी मोठ्यानेच म्हणाली, की खाली आपण आहोत.

मग मी वर्दाच्या हात धुऊन मागे लागले. कशी सोडणार होते मी तिला? ओढून काढलेल्या होड्या दाखवल्या, ऑक्टोपस पकडायच्या मातीच्या मडक्यांची उतरंड दाखवली, मुंजीकडचं गरम लब्लाबी, म्हणजे चण्यांचं तिखट सूप, खाऊ घातलं. दर पावलाला विचारत होते, समुद्रासाठी आलात का, शांततेसाठी आलात का, स्वस्त पडतं म्हणून आलात का. ती हसायची आणि सगळं छान आहे म्हणायची. समुद्र तिच्या ओळखीचाच होता. खरं कारण काही सांगेना. घरी परतलो की ती उम्मीजवळ स्वयंपाकघरात जाऊन बसायची, तिच्याबरोबर गहू निवडायची, आणि निवडता निवडता तिची नजर पुन्हा पुन्हा एकाच दाराकडे जायची.

एका दुपारी तिने हातातले गहू खाली ठेवले.

"खालती," ती उम्मीला म्हणाली; खालती म्हणजे आमच्या भाषेत मावशी. "एक विचारू? हसायचं नाही."

"विचार की."

"त्या दारामागे काय आहे?"

आमच्याकडे प्रत्येक घरात एक खोली भाड्यात येत नाही. वर जाण्याआधी घरातलं आपलं असं जे काही असतं ते तिच्यात भरायचं, भिंतीवरच्या तसबिरींसकट, आणि कुलूप घालायचं. हिवाळ्यात ती उघडीच असते, दार नुसतं लोटलेलं. त्यामुळे तिच्याबद्दल कुणाला काही वाटत असेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

वर्दाने सांगितलं, की ती आणि तिचे भाऊ दर उन्हाळ्यात आल्या आल्या आधी त्या दाराशी धावायचे, समुद्राकडे नंतर. कुलपाच्या भोकात कापडाचा बोळा घातलेला असायचा. तो काडीने ढकलायचे, आणि वाकून पाहिलं की आत काळोख. एक भाऊ म्हणायचा आत वेडा काका आहे. दुसरा म्हणायचा बुडालेला खलाशी. थोरला म्हणायचा की घरवाल्यांनी आपल्या मुलीला कोंडून ठेवलंय, कारण तिच्या पावलांचा आवाज येतो पण ती कधी दिसत नाही.

"आम्हाला वाईट वाटायचं तिचं," वर्दा म्हणाली. "म्हणून दाराखालून तिला बिस्किटं सरकवायचो."

"ती बिस्किटं तुमची होय!" उम्मी म्हणाली. "आणि मी दरवर्षी उंदरांना शिव्या घालायचे."

दोघी हसल्या. मला हसता येईना. पावलांचा आवाज माझा होता. म्हणजे वर पालथी पडून मी जिचा राग राग करत होते, ती खाली माझ्यासाठी बिस्किटं सरकवत होती. मला एकदम रडू आलं, आणि ते लपवायला मी शेगडीत कोळसे घालत बसले.

वर्दाचे वडील वसंतात गेले होते. भाऊ तिघेही फ्रान्सला. दफनानंतर फोनवर बोलताना त्यांचं पुन्हा तेच जुनं भांडण निघालं, दारामागे काय होतं. ती म्हणाली, सूक अह्रासच्या घरात आता कुणी बोलायला उरलं नव्हतं, तेव्हा म्हटलं, निदान हे तरी बघून येऊ.

एवढ्यासाठी ही बाई देशाची सीमा ओलांडून आली होती.

उम्मी उठली. गुडघ्यांना विसरून उठली म्हणा ना. दार ढकललं, आतल्या खिडकीची झडप उघडली. लोकरीच्या गाद्यांची चवड, तेलाचा रांजण, माझ्या वडिलांचं वल्हं, समोरचा दात पडलेल्या मुलीचा फोटो, आणि उम्मीची लग्नातली पेटी, तिच्यावर रंगवलेला मोठा निळा मासा. वर्दा एकेक वस्तू इतकी सावकाश बघत होती, की मीही बघायला लागले. आणि उम्मी बोलत सुटली. पेटी कुणी रंगवली, वल्ह्याला ती खाच कशी पडली, रांजण आणताना कोण पडलं. यातलं निम्मं मला ठाऊक नव्हतं. फोटोपाशी आल्यावर वर्दाने माझ्याकडे वळून पाहिलं.

"ही तू?"

"मीच."

"म्हणजे थोरला बरोबर होता." तिने फोन काढला. "भावांना पाठवते. काढू ना फोटो, खालती?"

"नको," उम्मी म्हणाली. "त्यांना बघायचं असेल तर येतील."

वर्दा गेली आणि मी झपाटल्यासारखी लिहायला बसले. उत्तर हाती लागलं होतं ना! हिवाळ्यात गावातल्या बंद खोल्या पाहुण्यांसाठी उघडायच्या, वाराप्रमाणे घरं ठरवायची, घरमालकिणीच्या तोंडून गोष्टी. मी उत्साहाने उम्मीला वाचून दाखवलं.

"तिने विचारलं म्हणून उघडली," ती म्हणाली. "रोज उघडायची ठरली तर मला दुसरी एखादी खोली बंद करावी लागेल, फौझिया. घर काही एवढं मोठं नाही."

मग चाळणी उचलून तिने तो संमतीचा कागद काढला आणि माझ्या हातात दिला. सही नव्हती. "मला खाली राहायचंय. हिवाळ्यात कुणी आलं तर वर राहील. त्याचे गुडघे चांगले असतील."

मी तिच्याशी वाद घातला, दार आपटून झोपायला गेले, आणि सकाळी ऑफिसात जाऊन योजनेचं ते प्रकरण नव्याने लिहिलं. हिवाळ्यात खालचा मजला घरमालकाचा, त्याला कुणी हात लावायचा नाही. ज्याची इच्छा असेल त्याने वरची खोली पाहुण्याला द्यावी, आणि जेवण खाली, सगळ्यांबरोबर. खोली उघडण्याबिघडण्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. सभेत सी अनीसने कपाळाला हात लावला. हिवाळ्यात गच्चीवर कोण चढणार, म्हणाला. मी म्हटलं, वर्दा चढली. तो म्हणाला, एका बाईवर योजना उभी राहत नाही. त्याचंही खरंच होतं. पण सभेतले अर्धे लोक स्वतः उन्हाळाभर गच्चीवर राहणारे, आणि त्यांच्या घरी त्यांच्या आया. कुरकुर झाली, चहा झाला, प्रकरण मंजूर झालं. आकडे लहान राहतील असं सी अनीसने जाताना बजावलं. ते लहानच आहेत.

जून आला. आम्ही तसबिरी उतरवल्या, गाद्या रचल्या, सगळं त्या खोलीत भरलं. मी कुलूप लावलं आणि सवयीने उम्मीकडे हात पुढे केला.

"बोळा दे."

"नाही घालायचा या वर्षी."

मी वाकून भोकाला डोळा लावला. खिडकीची झडप तिने बोटभर उघडी ठेवली होती. पेटी सरकवून दारासमोर आणली होती, आणि उजेडाच्या पट्ट्यात निळ्या माशाचं डोकं दिसत होतं. त्याचं बाकीचं अंग गादीमागे गेलं होतं.

"उम्मी, निदान पूर्ण मासा तरी दिसू द्यायचा."

"पूर्ण दिसला तर हिवाळ्यात कोण येईल?"

माझ्या खांद्यावर हात ठेवून ती जिना चढायला लागली. मधल्या पायरीवर दम घ्यायला थांबली.

"आणि दाराखालून बिस्किटं आली तर उंदरांच्या आधी जाऊन काढ," ती म्हणाली. "तुझी आहेत ती."