बेबाबाईच्या वाटणीच्या गोळ्या

तीन महिने असोद्याची कुंदाबाई रिकामी पाकिटं घेऊन जळगावच्या दवाखान्यात यायची आणि तिथे काम करणारी मोनाली ती मोजून घ्यायची. गुडघेदुखीच्या नव्या गोळीचा अभ्यास होता. कोणाला खरी मिळते नि कोणाला नुसती पिठाची, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. रोज दोन गोळ्या घ्यायच्या, आणि कुंदाबाईचा हिशेब कधी चुकला नाही. असं गुणी माणूस लाखात एक, असं मोनालीला वाटे.

त्या दिवशी ती सहज म्हणाली, "अक्का, अजून दुखतंच का?"

"दुखीनच ना माय. सांजची गोळी बेबाची. मीच तिच्या तळहातावर ठेवते."

मोनालीच्या तोंडचं पाणी पळालं. बेबाबाई म्हणजे कुंदाबाईची शेजारीण. तीही अभ्यासात यायला निघाली होती. पण हृदयासाठी रक्त पातळ करायचं औषध घ्यायची, म्हणून डॉक्टरांनी तिला नाही म्हटलं होतं. ही गोळी खरी निघाली तर त्या औषधाबरोबर पोटात रक्तस्राव व्हायचा.

"अक्का, हे काय केलंत?"

"मी येकलीच बरी झाली, त मंग वावरात जाऊ कोनासंगे?"

मोनालीने डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, आत्ताच जा, जरा जरी त्रास दिसला तर घेऊन या. बेबाबाई फोन उचलेना. कुंदाबाईला स्कुटीवर मागे बसवून मोनाली निघाली.

बेबाबाईचं दार लोटलेलं. हाक मारली, ओ नाही. मोनालीचा जीव टांगणीला लागला. ती तशीच परसात धावली, तर बेबाबाई खाटेवर बिबडे, ज्वारीचे पापड, वाळत घालत होती, चांगली ठणठणीत.

"गोळ्या? थांब," म्हणत तिने घरातून स्टीलची डबी आणली. मोनालीने मोजल्या. नव्वद हव्या होत्या, एकोणनव्वद भरल्या.

"पह्यल्या दिशी हे डोये लावूनच उभी व्हती," कुंदाबाईकडे बोट करून बेबाबाई म्हणाली, "म्हनून येक गियली. मंग डागदरचं बोलनं ध्यानात आलं."

तीन महिन्यांपूर्वीची एकच गोळी! डॉक्टरांनी फोनवर चार प्रश्न विचारले आणि काळजीचं कारण नाही म्हणाले. मोनालीचा जीव भांड्यात पडला. ती खाटेच्या कडेला बसली आणि तिला रडूच आलं.

"मंग मले काहून नही सांगितलं?" कुंदाबाई खेकसली.

"तुले वाईट वाटलं असतं. आन् डागदरचा अभ्यास सरला का तुह्या गोळ्या बंद. मंग तुले कोन देईन? म्हनून ठिवल्या."

कुंदाबाईने पदर तोंडाला लावला.

मोनालीला अभ्यासाचा फॉर्म भरावाच लागला. 'गोळी का चुकली' यापुढे छापील कारणं होती: विसरले, त्रास झाला, इतर. तिने 'इतर'वर खूण केली आणि लिहिलं, 'शेजारणीला दिली.' पेन खाली ठेवता ठेवता तिने आणखी एक ओळ घातली: 'शेजारणीने हिच्यासाठीच जपून ठेवली.'