कडू झऱ्याचा पेला

“आधी झऱ्याला, मग माणसांना. पहिला पेला जिथून आला तिथेच परत ओतायचा, विद्युल्लता. विसरू नकोस.”

बाप्टिस्ट सरांचं हे सांगणं तिला हल्ली देवापुढे निरांजन लावतानाही ऐकू यायचं. सर मूळचे वसईचे. शारजात अल मजाजला आर्किटेक्टचं ऑफिस होतं, तिथे त्यांच्या हाताखाली ड्रॉइंगं काढता काढता विद्युल्लताचे केस पांढरे झाले. तरुणपणी सर इंग्लंडमधल्या एका लहानशा गावात शिकाऊ म्हणून राहिले होते. औषधी पाण्याच्या झऱ्यावर जगणारं गाव. लांबलांबची दुखणाईत माणसं तिथे पाणी प्यायला येत. लंडनचे नावाजलेले लोक एखादी इमारत उभारून परत जात, पण गाव खरं बांधलं ते तिथल्याच दोन-तीन घराण्यांनी. आजा पाथरवट, मुलगा गवंडी, नातू आर्किटेक्ट. झऱ्यावरचा दगडी मंडप त्यांचाच. तो पुरा झाला की बांधणाऱ्यानं पहिला पेला आपल्या हातानं झऱ्याला परत द्यायचा, तोवर आत कुणी पाऊल टाकायचं नाही, अशी त्यांची रीत. सर हे सांगायला लागले की ऑफिसातल्या पोरांचे डोळे मिटायला लागत. विद्युल्लताला मात्र त्यात नवल वाटत नसे. नैवेद्य दाखवल्याशिवाय ती तरी कुठे घास घेत होती?

सरांचं आयुष्य रास अल खोरची गोदामं आणि शारजाचे टॉवर काढण्यात गेलं. सगळ्यांवर सही दुसऱ्याची. मग उतारवयात उम्म अल कुवैनच्या एका मालकाच्या मनात आलं, की समुद्राकाठी तसलंच इंग्लिश गाव उभारावं. चंद्रकोरीसारखी घरांची रांग आणि मधोमध पाण्याचा मंडप. मंडप सरांनी काढला. आयुष्यात स्वतःची म्हणावी अशी ती एकच इमारत.

मालक म्हणाला होता, पाणी टँकरनं आणू, कोणाला कळतंय? सर अडून बसले. वसईला समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी बावखलातलं, वाडीतल्या उथळ तळीवजा विहिरीतलं, पाणी गोड. खोल जायचं नाही, वरच्यावर खणायचं, हे त्यांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिलेलं. इथेही तसंच गोडं लागेल, असा भर मीटिंगमध्ये शब्द देऊन बसले. पण वसईच्या रेतीवर चार महिने पाऊस कोसळतो. इथल्या रेतीवर तो कोण पाडणार? लागलं ते कडवट, जीभ चरचरवणारं पाणी. बघता बघता मंडपाच्या पायऱ्यांवर मिठाचे पापुद्रे धरले. मालकाचं मन उडालं, घरांची रांग नुसत्या दर्शनी भिंतींवर थांबली. खिडक्यांतून आत बघावं तर पलीकडची वाळू दिसे.

मंडप पुरा झाला त्या दिवशी सरांनी पेला भरलाच नाही. गोडं लागू दे, म्हणाले. मग त्यांना अर्धांगाचा झटका आला, व्हिसा संपला आणि मुलगी सोफिया त्यांना वसईला घेऊन गेली. विमानतळावर, व्हीलचेअरवरून त्यांनी विद्युल्लताचं मनगट चांगल्या हातानं धरून ठेवलं, सोडेनात. तेव्हा ती म्हणाली होती, “देईन, सर.”

आता दर रविवारी सोफिया फोन लावून देई, तेव्हा सरांना बाकी कशाचीच ओळख उरलेली नसे. एकच विचारत, “दिला का?”

“अजून नाही, सर.”

चातुर्मासात खोटं बोलायचं नाही, हा विद्युल्लताचा सासरी आल्यापासूनचा नेम. सोफियानंच एकदा हलक्या आवाजात विनवलं, की आंटी, हो म्हणून टाका, डॉक्टरांनी आता आशा सोडलीय, फादर येऊन अखेरचं तेल लावून गेले. घरी लेक अपूर्वानं तर लॅपटॉपवरून मानही वर केली नाही. “आई, जस्ट से येस. ही वोन्ट नो.”

“मला कळेल ना,” विद्युल्लता म्हणाली.

आणि गुरुवारी ऑफिसात कळलं, की मंडप पाडणार. जागेवर गोदामं होणार. सरांच्या खुर्चीवर आता प्रणव बसायचा. मुलगा हुशार होता, वाईट नव्हता. तिनं साइटवर जायची परवानगी मागितली, कशाला तेही सांगितलं. तो जरा हसला.

“विद्युल्लताताई, पाणी नाही म्हणूनच पाडतायत ना? मग परत कुणाला देणार?”

प्रणवनं समजावलं, की जागा आता पाडणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरच्या ताब्यात आहे, कुणाला काही लागलं तर ऑफिसच्या गळ्याशी येईल. सरांचाही एक फोटो लावू आपण रिसेप्शनला, इन्शाल्ला. तो फोटो कधी लागणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

जेवणाच्या सुट्टीत तिनं साइटच्या राखणदाराला, खैरुद्दीनला फोन केला. त्यानं हिंदीत सांगितलं, मशीन शनिवारी दुपारी येणार. सकाळी मी एकटाच असतो मॅडम, गेट उघडतो, पण लवकर निघा. मंडपातली विहीर अजून आहे का, असं तिनं विचारलं. आहे, तो म्हणाला, पण त्या पाण्यात कबूतरसुद्धा चोच घालत नाही.

शनिवारी तिनं अंघोळ करून दिवा लावला, तुळशीला पाणी घातलं. अपूर्वा डोळे चोळत बाहेर आली. आई खरंच निघालीय म्हटल्यावर तिनं फ्रिजमधून पाण्याची बाटली काढून पुढे केली. “एवढं करतेच आहेस तर ॲटलीस्ट टेक गुड वॉटर.”

विद्युल्लतानं बाटली परत ठेवली. रात्रभर तिनं त्याचाच विचार केला होता. सर गोड्या पाण्यासाठी थांबले आणि पेला राहून गेला. रीत मात्र एवढंच सांगत होती, की जिथलं तिथे परत द्यायचं.

त्यानं मंडप वाचणार नव्हता. सरही वाचणार नव्हते. रविवारी फोन आला आणि पलीकडून विचारणारं कुणी उरलं असलं, तर एक शब्द खरा बोलता येणार होता, इतकंच.

सरांचा ऑफिसातून घरी आणलेला काचेचा पेला तिनं धुऊन पुसला, रिकामाच धुवट रुमालात गुंडाळला आणि पर्समध्ये ठेवला. पदर सारखा केला. मग दार हलकेच ओढून घेऊन ती उम्म अल कुवैनची बस धरायला निघाली.