चौथा पट्टा

पंधरा दिवसांत न्हाव्यानं तीन पट्टे बदलले. बाबांच्या जुन्या पट्ट्यावर वस्तरा परजताना त्याचा हात घसरला, चामड्याला मधोमध काप गेला आणि तेव्हापासून त्याच्या जिवाला स्वस्थता नव्हती. पहिला पट्टा आणला तो इतका चकचकीत, की वस्तरा नुसता घसरायचा. दुसरा जाड कापडाचा, खरखरीत. तिसरा एवढा अरुंद, की पात्याचं टोक बाहेरच राहायचं. अर्धी दाढी झाली की तो पुन्हा पट्ट्याकडे धावायचा. गिऱ्हाईक गालाला साबण लावून छताकडे बघत बसायचं.

शनिवारी रिटायर्ड पोस्टमास्तरांच्या हनुवटीखाली रक्त आलं. ते रागावले नाहीत. तुरटी लावून घेतली आणि सोमवारी समोरच्या दुकानात मशीनखाली मान देऊन बसले. न्हाव्याला ते काचेतून दिसत होते.

त्यानं भर दुपारी दुकान बंद केलं आणि वस्तरा फडक्यात गुंडाळून ताईकडे निघाला. ताई त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. बॅगांच्या कारखान्यात ती चामडं कापायची. तिथे एखादा चांगला तुकडा मिळेल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

"बस," कारखान्यातल्या कापायच्या टेबलामागून ताई म्हणाली.

तो बसला नाही. येरझाऱ्या घालतच त्यानं तिन्ही पट्ट्यांची गाऱ्हाणी सांगितली.

"नाचता येईना अंगण वाकडं. दे तो वस्तरा." तिनं पातं उजेडात धरलं. "धार मुडपलीय. किती दाबतोस?"

"दाबल्याशिवाय लागेल कशी?"

"धार दगडावर लागते. पट्ट्यावर फक्त सरळ होते."

तिनं टेबलाखालून चार बोटं रुंदीचा, ना चकचकीत ना खरखरीत असा एक पट्टा काढला, एक टोक खिळ्याला अडकवलं आणि दुसरं हातात ताणून धरलं. वस्तरा पाठ पुढे, धार मागे असा सरकत गेला, टोकाशी पाठीवर उलटला आणि परत आला. आवाज एकसारखा.

"पाठ उचलायची नाही. धारेवर उलटलास की पट्टा कापणारच."

न्हाव्याच्या येरझाऱ्या थांबल्या. "मागच्या खोलीतून बाबांच्या हाताचा आवाज अगदी असाच यायचा."

"बाबांचा नाही, माझा. लग्न होईपर्यंत मागच्या खोलीत त्यांचे वस्तरे मीच परजायचे. लोक म्हणायचे, काय हात आहे. बाबा मान डोलवायचे."

"मला कसं माहीत नाही?"

"तू घरात टिकायचास कधी? पायाला भिंगरी. मी सासरी गेले आणि बाबा सांगत सुटले, म्हातारा झालो, हात पूर्वीसारखा चालत नाही. अठ्ठेचाळिशीत."

त्यानं खिळ्याला अडकवलेल्या पट्ट्यावरून बोट फिरवलं.

"हा पट्टा देते," ताई म्हणाली. "पण रविवारी दुसरी खुर्ची माझी."

"तू दाढी करणार? गिऱ्हाइकं निघून जातील."

"तशीही जातातच आहेत."

पुढचे दोन दिवस न्हाव्यानं दुसरी खुर्ची चारदा पुसली. तिच्यावर वर्तमानपत्रं टाकली, काढली, पुन्हा टाकली. गिऱ्हाइकं जातील याची भीती होतीच. पण ताईचा हात आपल्याहून सरस निघेल, ही भीती जास्त सलत होती. अखेर गुरुवारी तो पोस्टमास्तरांच्या दारात उभा राहिला.

"रविवारी दाढी ताई करेल. याल का?"

पोस्टमास्तरांनी हनुवटी चाचपली. "तिचा हात कापत नाही ना?"

"नाही. माझा कापतो," न्हावी म्हणाला. हे तो पहिल्यांदाच कुणापाशी बोलत होता.

रविवारी ताईनं पट्टा टांगला आणि साठ वेळा वस्तरा परजला. दोन गिऱ्हाइकं दारातूनच वळली. तिसरे पोस्टमास्तर, ते येऊन बसले. ताईनं दोन बोटांनी गाल ताणला आणि कानाजवळून सुरुवात केली. न्हावी दारात जाऊन यायचा, टॉवेलाची घडी मोडायचा, पुन्हा घालायचा.

"एक तर बाहेर जा, नाहीतर बस," ताई मान न वळवता म्हणाली.

हनुवटीपर्यंत पोहोचेतो पोस्टमास्तर घोरायला लागले होते. रक्ताचा थेंब नाही. जागे झाल्यावर त्यांनी गालांवरून हात फिरवला आणि विचारलं, "पुढच्या रविवारी किती वाजता येऊ?"

"नऊला," ताई म्हणाली.

ते गेल्यावर तिनं वस्तरा पुसून भावापुढे धरला. "आता तू. तीस वेळा. न दाबता."

बाराव्या फेरीला त्याचा हात पुन्हा जड झाला. ताईनं त्याचं मनगट धरलं.

"पहिल्यापासून."

त्यानं खांदे सैल सोडले आणि पुन्हा एकपासून मोजायला घेतलं.