मिस्त्रींसाठी माणूस

माणूस ठेवायला बाई शेवटी तयार झाल्या त्या स्वतःच्या कमरेमुळे. मिस्त्रींना पलंगावरून खुर्चीत बसवताना कमरेत अशी कळ आली, की नवऱ्याला धरावं की पलंगाला, हेच त्यांना सुचेना. डॉक्टरांनी बजावलं, आता तुम्ही उशीसुद्धा उचलायची नाही. मग मुलगी रजा काढून आली, मागोमाग जावई आला आणि घरात फोनाफोनी सुरू झाली.

मिस्त्रींची उजवी बाजू अर्धांगाच्या झटक्यात गेली होती आणि तिच्याबरोबर वाचाही. जन्मभर लेथ मशीनवर काम केलेल्या या माणसाकडे आता एकच शब्द उरला होता, "बरं." पाणी हवं असलं तरी बरं, नको असलं तरी बरं, आणि डोकं फिरलं तरीही बरंच. भेटायला येणाऱ्यांना वाटे, किती शांत झालेत, म्हणाल त्याला हो म्हणतात. बाईंना मात्र त्यातला फरक कळे. त्यांचं सगळं आयुष्य बालवर्गात गेलेलं. ज्यांना अजून धड बोलता येत नाही, त्यांचं म्हणणं समजून घेणं हाच त्यांचा धंदा. त्यांनी जाड पुठ्ठ्याचे तुकडे कापून त्यांवर चित्रं काढली होती. पेला, खिडकी, पांघरूण, भांडं, दुखणारं पोट. मिस्त्री डावा हात चित्रावर टेकवत आणि काम होऊन जाई.

यावरूनच हॉस्पिटलात त्या मोठ्या डॉक्टरांशी भांडल्या होत्या. डॉक्टर पलंगाशेजारी उभे राहून मुलीला म्हणाले, "पेशंटला फारसं कळत नाहीये." बाई मध्येच म्हणाल्या, "त्यांना सगळं कळतं. तुम्ही त्यांना विचारलंत का? मग तिला काय विचारताय?" मुलीला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पण त्या दिवसापासून घरात नियमच झाला. मिस्त्रींच्या देखत मिस्त्रींबद्दल कोणी बोलायचं नाही, बोलायचं तर त्यांच्याशी.

आता माणूस निवडतानाही बाईंनी ठरवलं, की कागदपत्रं, अनुभव, पोलिसांकडची चौकशी वगैरे मुलगी आणि जावयानं बघावं. आपण एवढंच बघायचं, की आलेला माणूस आधी कोणाशी बोलतो.

पहिला आला तो एका मोठ्या कंपनीचा, टाय लावून. पलंगाकडे पाठ करूनच तो खुर्चीत बसला. "काका रात्री झोपतात का? शी-शू सांगतात का?"

"काका जागे आहेत," बाई म्हणाल्या. "त्यांनाच विचारा."

"असू दे, असू दे," म्हणत तो हसला आणि त्यानं जावयाला फोनवर कॅमेऱ्याची सोय दाखवली. खोलीत कॅमेरा बसवायचा आणि जगात कुठूनही पेशंट बघायचा.

तो गेल्यावर जावई म्हणाला, "आई, कॅमेऱ्याचं तेवढं चांगलं होतं हं. आम्हाला तिकडून दिसतील बाबा."

"दिसतील. आणि तुम्ही जेवताना बघाल. मालिका कंटाळवाणी वाटली तर बंदही करता येईल."

जावई ओशाळून हसला. मिस्त्रींनी "बरं" म्हटलं, तेही हसण्यातलंच होतं.

दुसरे दोघं एका ब्युरोकडून येणार होते. ब्युरो चालवणाऱ्या सिस्टर फोनवर म्हणाल्या होत्या, "मी दोन माणसं पाठवते. दोघंही स्वच्छ, दोघंही विश्वासाची. पण स्वभाव वेगळे आहेत, तेव्हा निवडा तुम्ही."

त्यातला पहिला चष्मेवाला. आल्या आल्या हात धुऊन, स्टूल ओढून तो पलंगाशी अशा बेतानं बसला, की त्याचा चेहरा मिस्त्रींच्या चेहऱ्यासमोर यावा. "नमस्कार काका. मी कामाला येऊ का, हे तुम्हालाच विचारायला आलोय. मी अघळपघळ बोलतो, आधीच सांगून ठेवतो." मग त्यानं मिस्त्रींचा निर्जीव उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "लेथवर होतात म्हणे. या हातानं काय काय घडवलं असेल, नाही?"

मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी मुलीकडे असं पाहिलं, जसं वर्गात एखाद्या मुलानं बरोबर उत्तर दिल्यावर त्या तपासायला आलेल्या साहेबांकडे बघत.

शेवटी आला मिशीवाला. हॉस्पिटलात वॉर्डातली कामं करत म्हातारा होत आलेला. दारात नमस्कार केला आणि उभा राहिला.

"बसा की. तुम्ही काही बोलत नाही?" बाईंनी विचारलं.

"कामापुरतं बोलतो."

नेमकं तेव्हाच मिस्त्रींचं कपडे बदलायचं काम निघालं. मिशीवाल्यानं विचारलं, "करू?" तेही मिस्त्रींकडे बघून, बाईंकडे नाही. मग म्हणाला, "तुम्ही बाहेर थांबलात तर बरं होईल." मुलगी आणि जावई बाहेर गेले. बाई काही हलल्या नाहीत. त्यानं पडदा सरकवला, मिस्त्रींच्या कमरेवर चादर टाकली आणि चादरीखालून हात घालून सगळं उरकलं. नजर समोरच्या भिंतीवर. खिशातली किल्ली चाचपावी, तसे त्याचे हात चालत होते. तोंडातून शब्द नाही. मिस्त्री डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होते, दाढी करून घ्यायला बसलेल्या माणसासारखे.

तो गेल्यावर बाई म्हणाल्या, "गोणी उलटीपालटी करावी तसं केलं."

"पण किती सफाईनं केलं, चादरीला सुरकुती नाही," मुलगी म्हणाली.

"सफाई धोबीही करतो. माणसाशी माणसासारखं दोन शब्द बोलायला काय पैसे पडतात?"

संध्याकाळी सगळे मिस्त्रींच्या खोलीतच बसले. मुलगी म्हणाली, "आई, तूच काय ते ठरव. दिवसभर घरात तुला वावरायचंय."

"मी कोण ठरवणार? माणूस ज्यांच्यासाठी यायचाय त्यांना विचारू या."

बाईंनी तीन कोरे पुठ्ठे घेतले. एकावर टाय काढला, एकावर चष्मा, एकावर झुबकेदार मिशी. जावई म्हणाला, "आई, ही मिशी त्याला दाखवू नका, पगार वाढवून मागेल." सगळेच हसले. बाईंनी पुठ्ठे मिस्त्रींच्या मांडीवरच्या ट्रेमध्ये मांडले आणि त्या मागे सरून बसल्या. नव्या शिक्षिकांना त्या नेहमी हेच सांगत. मुलाला निवडायला दिलं की आपण तोंड मिटायचं, नजरेनंसुद्धा सुचवायचं नाही, वाट बघायची.

मिस्त्रींनी हात उचलला आणि मिशीवर टेकवला.

"अगोबाई," बाई म्हणाल्या. "नीट बघितलंत का? घाई नाही हं." त्यांनी पुठ्ठ्यांची जागा बदलली. टायचा पुठ्ठा बाजूलाच ठेवला. चष्मा डाव्या हाताच्या अगदी जवळ आला, मिशी पार पलीकडे गेली.

मिस्त्रींचा हात चष्म्यावरून पलीकडे गेला. मिशीचा पुठ्ठा त्यांनी बोटांत पकडला, उचलला आणि बाईंच्या हातात दिला. "बरं," ते म्हणाले.

त्या बरंचा अर्थ बाईंना कळला. त्यामागचं कारणही कळलं आणि ते कळायला नको होतं. इतके महिने नवऱ्याचं अंग पुसताना त्या सारख्या बोलत. आता पाय हं, आता पाठ, झालंच हं, शाब्बास. कधी त्यांना वाईट वाटू नये म्हणून बालवर्गातली गाणीही म्हणत. मिस्त्री तेवढा वेळ डोळे मिटून असत. त्यांना बरं वाटतंय, असं बाईंनी धरून चाललं होतं. आज डोळे उघडे होते. हाताला धरून कामाबद्दल विचारणारा माणूसही त्यांना नको होता. त्यांना हवा होता तो न बघणारा आणि न बोलणारा. हातातला पुठ्ठा म्हणजे बाईंच्या इतक्या महिन्यांच्या सेवेवर मारलेली काट होती. तीही मुलगी आणि जावयादेखत.

"दमलेत ते," बाई म्हणाल्या. "आत्ता त्यांना काही कळत नाहीये."

मग जावई म्हणाला, "पण आई, दोन्ही वेळा त्यांनी..."

"हाताला लागलं ते उचललं. लहान मुलंही असंच करतात. त्याचा अर्थ लावत बसायचा नसतो."

मुलीनं मोठा श्वास सोडला. तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं दिसलं. "मी पहिल्यापासून हेच म्हणत होते, आई. तू उगाच त्रास करून घेत होतीस." तिनं तिथेच बसून सिस्टरना फोन लावला. "हो, आईला पटलेत ते चष्मेवालेच पाठवा उद्यापासून. बाबांना समजतं का, म्हणताय? नाही हो, तसं काही कळत नाही त्यांना. आई आत्ताच म्हणाली, आणि ती तर शिक्षिका आहे. हो, सगळं तिलाच विचारायला सांगा."

बाईंनी मुलीला थांबवायला हात वर केला. पण थांबवायचं म्हणजे काय सांगायचं? त्यांना कळतं, असं सांगायचं, तर मिशीवाल्याला बोलवायला हवं. हात थोडा वेळ तसाच राहिला. मग त्या हातानं त्यांनी पदर सारखा केला.

मिस्त्री फोनकडे बघत नव्हते. ते बाईंकडे बघत होते.

सकाळी मुलगी अंघोळीला गेल्यावर बाईंनी गुपचूप सिस्टरना फोन केला. मिशीवाल्यांचं काय झालं, म्हणून सहज विचारल्यासारखं केलं.

"तो कालच लागला दुसरीकडे," सिस्टर म्हणाल्या. "मागणी असते हो त्याला. का, काही बिघडलं का?"

"नाही, नाही. असंच."

थोड्याच वेळात चष्मेवाला आला. हात धुऊन तो थेट बाईंपाशी आला. "काकू, काकांनी नाश्ता केला? रात्री त्रास नाही ना दिला?"

"त्यांना विचारा ना. काल विचारलंत तसं."

"हो हो, विचारतो की." तो पलंगावर वाकला आणि मोठ्यानं, एकेक अक्षर सुटं करत म्हणाला, "काय काका? झोप झाली? झाली ना? शहाणे आहेत आमचे काका." त्यानं मिस्त्रींचा गाल थोपटला. त्यात खोटं काही नव्हतं. मायाच होती. "सिस्टरनी सगळं सांगितलंय मला. तुम्ही काळजी करू नका. अशा पेशंटना प्रेमच लागतं."

"असे नाहीत ते. त्यांना कळतं. थांबा, दाखवते तुम्हाला." बाईंनी घाईघाईनं चित्रं मांडली. पेला, खिडकी, पांघरूण. "अहो, काय हवंय? दाखवा यांना."

दोघंही वाट बघत राहिले. मिस्त्रींचा डावा हात चादरीवर होता. तो चांगला होता, कालच त्यानं पुठ्ठा उचलून दिला होता. आज तो जागचा हलला नाही. मिस्त्रींनी चित्रांकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि मान भिंतीकडे वळवली. बरंसुद्धा म्हटलं नाही.

"अहो," बाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "एकदाच."

"असू दे काकू." चष्मेवाल्यानं चित्रं हळूच गोळा करून बाजूला ठेवली. "घरच्यांना वाटतंच असं. मी खूप घरांतून पाहिलंय." त्यानं बादली उचलली. "अंग पुसून घेतो आता. तुम्ही बसा इथेच, बोला त्यांच्याशी. आपला आवाज आला की त्यांना बरं वाटतं."

बाई उभ्याच राहिल्या. "नको," त्या म्हणाल्या. "मी बाहेर थांबते."

त्यांनी पडदा सरकवला, बाहेर येऊन दार ओढून घेतलं. आत पाणी हलल्याचा आवाज झाला, आणि लगेच चष्मेवाल्याचं बोलणं सुरू झालं, लाडिक, न थांबणारं. आता हात हं काका, आता पाठ, झालंच हं.