चौदा नंबर पळाला नव्हता

पान एकेचाळीस ऐकून फिटरच्या डोक्यात जी तिडीक गेली, ती विद्यापीठाच्या पायऱ्या चढेपर्यंत उतरली नव्हती. विद्यापीठाच्या फुटबॉल संघाला पंच्याहत्तर वर्षं झाली म्हणून संघाचा इतिहास छापायचा होता. तपासून द्या म्हणून प्राध्यापकबाईंनी कच्ची पानं जुन्या खेळाडूंच्या घरी धाडली होती; त्यांत हा फिटरही होता. त्याचा चष्मा सापडेना, म्हणून बायकोनंच मोठ्यानं वाचलं: ‘अंतिम सामन्याच्या मध्यंतरात चौदा नंबरचा राखीव खेळाडू घाबरून घरी निघून गेला. मात्र नऊ नंबरनं शेवटच्या मिनिटाला गोल करून संघाला आजवरचा एकमेव करंडक मिळवून दिला.’

“अहो, चौदा नंबर म्हणजे तुम्हीच की! पळालात? कधी बोलला नाहीत ते!” बायको म्हणाली आणि हसली. वाईट मनानं नाही, पण हसली. इतक्या वर्षांच्या संसारात तिचं हसणं त्याला असं कधी झोंबलं नव्हतं.

पळाला? अरे, पळाला कोण! मध्यंतराला शून्य-शून्य. दोन्ही बदली खेळाडू उतरवून झालेले, तिसरा नियमात बसत नव्हता. आणि संघाचा लाडका नऊ नंबर शौचालयात कडी लावून ओकत बसलेला. ‘मी नाही जाणार, मी नाही जाणार’, एवढाच धोशा. कर्णधारानं दाराखालून त्याची जर्सी ओढून घेतली आणि चौदाच्या अंगावर फेकली. “तुमची दोघांची चण सारखी. तोंडाला चिखल फास आणि चल.” मैदानाचा असा राडा झाला होता की पंचाला स्वतःचे बूट ओळखू आले नसते. चौदा पाऊण तास नऊ होऊन खेळला आणि शेवटच्या मिनिटाला त्यानं डोक्यानं गोल मारला. शिट्टी वाजली तशी जर्सी परत नऊच्या अंगात, करंडक नऊच्या हातात. राखीव खेळाडूंतला एक कुठाय, असं कुणीतरी विचारलं. कर्णधारानं ठोकून दिलं, “घाबरून घरी गेला.” तेव्हा चिखलानं माखलेला फिटर कुणाला दिसू नये म्हणून त्याच शौचालयात कडी लावून, फोटो आटपायची वाट बघत बसला होता. कुणाला सांगायचं नाही, अशी सगळ्यांनी शपथ घेतली. फिटरनं ती बायकोपाशीसुद्धा मोडली नाही. गाढवच तो!

बाईंच्या खोलीत नऊ नंबर आधीच हजर होता. आता तो माजी खेळाडूंच्या मंडळाचा अध्यक्ष होता. मुखपृष्ठासाठी स्वतःचे फोटो निवडत होता.

“अरे चौदा! ये, ये, बस.”

“ती ओळ कोणी दिली?”

नऊनं बाईंकडे बघून आवाज खाली आणला. “मीच दिली. फोटोत एक जण कमी का, असं बाईंनी विचारलं. आपण तेव्हा तेच सांगितलं होतं ना?”

“तेव्हा थाप मारली होती. आता छापतोयस!”

“बरं बाबा, काढतो ओळ. झालं समाधान?”

झालं असतं, खरं तर. फिटर खुर्चीवरून उठलाही होता. पण समोर पान बेचाळीस उघडं होतं. नऊ नंबरच्या आठवणी. बाईंचा चष्मा मागून घेऊन त्यानं वाचलं: ‘चेंडू कपाळाला लागला, तेव्हा मला डोळ्यांसमोर माझी आई दिसली.’

“आई?” फिटर असा ओरडला की शेजारच्या खोलीतलं टायपिंग थांबलं. “तुला आई दिसली? मेल्या, तुला संडासाचं भांडं दिसत होतं! कपाळ माझं होतं, माझं!”

आणि मग त्यानं बाईंना सगळं सांगितलं, कडीपासून चिखलापर्यंत. नऊ नंबर खिडकीबाहेर बघत राहिला. नाही म्हणाला नाही.

“पण काका,” बाई म्हणाल्या, “हे छापलं तर तो विजय रद्द होईल. करंडक परत द्यावा लागेल.”

“गोलीचा तरी विचार कर,” नऊ पटकन म्हणाला. “अंथरुणाला खिळलाय तो. उशाशी त्या संघाचा फोटो ठेवलाय.”

हे वर्मी लागलं. गोली म्हणजे त्यांचा गोलरक्षक, लाख माणूस. शौचालयाच्या दाराबाहेर उभा राहून एकटा तोच म्हणाला होता, “चौद्या, काय मारलास रे!” गोलीचा फोटो घालवायचा? त्यानं काय घोडं मारलं होतं?

“मला काय म्हणून लिहाल?” फिटरनं शेवटी विचारलं.

बाई चाचरल्या. “नियमानं... तोतया खेळाडू.”

“लिहा. तोतया लिहा, लबाड लिहा. पळपुटा लिहायचं नाही. आणि गोलीला मी स्वतः जाऊन सांगणार. या माणसानं फोन करायचा नाही.”

नऊ नंबर फोटो गोळा करून निघून गेला. बाईंनी सगळं हातानं लिहून काढलं, वाचून दाखवलं. मग शेवटच्या पानावर ‘एकूण करंडक’ या शब्दांपुढचा एकचा आकडा खोडून शून्य केला. पंच्याहत्तर वर्षांत शून्य. फिटरनं त्या शून्याखाली सही केली, आणि तिथंच त्याला रडू फुटलं.

“काका, पाणी देऊ?”

“पाणी कसलं देता,” तो म्हणाला. “गोल फार सुंदर झाला होता हो!”